जहाजावर तू विचारलं होतंस

शैला, लोक येतात, चपला दारात काढतात, खुर्ची ओढून बसतात आणि मला सांगतात, "सुटली बिचारी." परवा तिसऱ्या माणसानं हेच म्हटलं तेव्हा मी विचारलं, "तुमची मुलगी कधी सुटायचीय?" तो चहा न घेता उठला. तुझी आत्या आतून पदराला हात पुसत आली. "अण्णा, तोंडाला कुलूप लाव. माणसं यायची थांबतील." थांबू देत. मला माणसं नको आहेत.

आज सतरावा दिवस. आपल्या मराठी मंडळाचा अंक निघतोय, त्यात तुझ्याबद्दल दोन पानं लिहून द्या म्हणाले. जन्म कुठला, शिक्षण काय, कंपनीत कुठपर्यंत पोचली. ते मी लिहिणार नाही. तुझ्या ऑफिसातल्यांनी ते फोटोखाली छापून पाठवलंय, त्यातले निम्मे शब्द मला वाचता आले नाहीत. मी सातवी, तीही कन्नड शाळेतली. मराठी अक्षरं आईनं चुलीपुढं बसवून गिरवून घेतली, तेवढ्यावर हे चाललंय. मला एकाच दिवसाबद्दल बोलायचंय. जहाजावरचा पावसाचा दिवस. तू विचारलंस आणि मी उत्तर दिलं, तो.

तुझ्या आईला समुद्र बघायचा होता. जन्म बेंगळुरात गेला, पाणी बघितलं ते अलसूर तळ्याचं. मी दरवर्षी म्हणायचो, पुढच्या वर्षी जाऊ. पीण्या इंडस्ट्रियल एरियातल्या कारखान्यात ओव्हरटाइम असायचा, नसला तर मी मागून घ्यायचो. ती तशीच गेली. त्यानंतर तीन वर्षांनी एका रविवारी तुझा फोन आला.

"अण्णा, जहाजाचं बुकिंग केलंय. चेन्नईहून निघायचं, पाच दिवस. आईनं बघितला नाही, तुम्ही तरी बघा समुद्र."

"मला कशाला नेतेस पाण्यात?"

"बुडवायला," तू म्हणालीस.

तीन वर्षांत तू माझ्याशी केलेली ती पहिली थट्टा. म्हणून मी आलो. समुद्रासाठी नाही.

त्या तीन वर्षांत तू घरी फार आली नाहीस. रविवारी दहाला फोन करायचीस. जेवलात का, गोळी घेतली का, बाई भांड्याला येते का. माझी उत्तरं झाली की ठेवायचीस. का ते तुला माहीत होतं, मलाही. तुझी आई पोटाच्या कॅन्सरनं आडवी पडली, सातवं की आठवं इंजेक्शन झालं होतं, डॉक्टर म्हणत होते अजून एक प्रकार करून बघू. तू म्हणत होतीस, करायचंच. आणि मी एका सकाळी तू ऑफिसात असताना सही करून तिला घरी आणलं. नऊ दिवस जगली. दहाव्या दिवशी तू सगळ्या सोयऱ्यांपुढं, दारात उभी राहून मला म्हणालीस, "तुम्ही मारलंत आईला."   तू खोटं बोलत नव्हतीस. तुला तेवढंच दिसलं होतं.

तर जहाज. तू सर्जापूर रोडवरून आलीस, मी दासरहळ्ळीच्या घरून, के. आर. पुरम स्टेशनवर आपण चेन्नईच्या गाडीत बसलो. माझ्या पिशवीत चिवडा आणि लिंबाचं लोणचं होतं. जहाजावर चढताना तपासणीवाल्यानं लोणच्याची बरणी काढून बाजूला ठेवली. मी म्हणालो, "घरचं आहे बाबा, बॉम्ब नाही." तो हसला, तू हसली नाहीस. तू मला दंडाला धरून पुढं नेलंस आणि कानात म्हणालीस, "अण्णा, पाच दिवस. फक्त पाच दिवस भांडू नका कुणाशी." मी म्हटलं, "सरी, बरं."

आणि जहाज कसलं ते. सर्जापूर रोडवरचं तुझं अपार्टमेंटच पाण्यात सोडलेलं. तीच लिफ्ट, तोच फिनेलसारखा वास, तीच एकमेकांकडं न बघणारी माणसं. पहिले दोन दिवस ऊन होतं. तू मला वरच्या मजल्यावर खुर्चीत बसवायचीस, मी अर्ध्या तासात उठायचो. चाळीस वर्षं लेथपुढं उभा राहिलेला माणूस, मला बसता येत नाही. तू हाका मारत राहायचीस आणि मी कठडे चाचपत फिरायचो. एका जिन्यात लोखंडी खांबाला कान लावून मी इंजिन ऐकलं. चांगलं सांभाळलेलं मशीन होतं, कुठं खडखड नाही. तुला हे सांगितलं तर तू म्हणालीस, "लोक बघतात अण्णा, तुम्ही खांबाला मिठी मारून उभे राहता." पण तूही एकदा कान लावलास. मला दिसलं.

तिसऱ्या दिवशी पाऊस. सकाळी खिडकीचा पडदा सरकवला तर बाहेर काहीच नव्हतं. पाणी कुठं संपतं, आभाळ कुठं लागतं, काही कळेना. सगळं भांडी धुतलेल्या पाण्यासारखं. वरचे मजले दोऱ्या लावून बंद केले. सगळी माणसं खाली कोंडली गेली आणि खायला लागली. आपल्या टेबलावर ती हुबळीची बाई असायची, नवरा आणि सहा पिशव्या घेऊन आलेली. तिनं मला बघितलं आणि म्हणाली, "काय अण्णावरे, पैसे देऊन पाऊस बघायला आलो की आपण!" मग तुझ्याकडं वळून, "मुलगी असावी तर अशी. आमच्या पोरांनी आम्हाला हंपीसुद्धा दाखवलं नाही."

मी म्हणालो, "एवढी चांगली नाही ती. रागीट आहे."

"कुणावर गेली?" बाईनं विचारलं. तिचा नवरा इडली तोंडात घेऊन हसला. तूही हसलीस. तुझ्या ताटात एक पपईची फोड होती आणि तीही तू तशीच ठेवलीस. हे मला आता दिसतंय. तेव्हा मी दुसऱ्यांदा उपमा आणायला गेलो होतो.

खाणं झाल्यावर तू म्हणालीस, "आज कुठं जाऊ नका. माझ्याजवळ बसा." नवव्या मजल्यावर मोठ्या काचेपाशी दोन खुर्च्या होत्या. पाणी काचेवरून आडवं धावत होतं. मी बसलो. तू शाल गुडघ्यावर घेतली होतीस, मला वाटलं ए.सी.मुळं.

"अण्णा, एक विचारू? चिडायचं नाही."

"चिडण्यासारखं असलं तर चिडेन."

तू शाल गुडघ्यावर नीट ओढून घेतलीस. मग म्हणालीस, "आईच्या जागी मी असते तर? मलाही घरी आणलं असतंत?"

शैला, माझ्या डोक्यात रक्त चढलं. मला वाटलं, एवढ्यासाठी आणलंय हिनं. गाव सोडून, जमीन सोडून, पाण्याच्या मध्ये आणून बसवलंय, उठून कुठं जाता येऊ नये म्हणून. तोच खटला परत. तीन वर्षं गप्प बसून धार लावत होती.

"हो," मी म्हणालो. "आणलं असतं. तुलाही आणलं असतं."

तू माझ्याकडं बघितलंस. मी काचेकडं बघत होतो, पण काचेत तू दिसत होतीस. मग तू म्हणालीस, "सरी."

भाजीवाल्याशी भाव ठरला की म्हणतात तसं. तेवढंच. मी जिंकलो होतो. मला खरंच असं वाटलं, की मी जिंकलो. तेवढ्यात हुबळीची बाई लांबून हात हलवत आली, खाली हाउसी सुरू झालीय, चला, आणि तू उठलीस.

आता मी तुला एक सांगतो. पीण्यात शेडमध्ये एखादा ऑपरेटर चहाच्या वेळी सहज विचारायचा, "अण्णा, समजा स्पिंडल गरम व्हायला लागलं तर काय करायचं?" मी कप खाली ठेवून त्याच्या मशीनकडं पळायचो. समजा म्हणून कुणी विचारत नसतं. ते झालेलं असतं, त्याला सांगायची भीती वाटत असते. चाळीस वर्षांत एकदाही माझा अंदाज चुकला नाही. मालक म्हणायचा, या माणसाला मशीनच्या आधी कळतं. तू विचारलंस आणि मला कळलं नाही. परक्या लोखंडाला मी कान लावला. तुला उत्तर फेकून मारलं.

दुपारी पाऊस वाढला. खोलीत आलो तेव्हा मी घुश्श्यातच होतो. तू घुश्श्यात नव्हतीस. तू म्हणालीस, "नखं बघा तुमची. मोजे फाटलेत त्यानं." आणि माझ्या पायाशी जमिनीवर बसलीस, नेलकटर घेऊन. मला गेली दोन वर्षं वाकता येत नाही, पोट आडवं येतं. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुझ्या आईच्या माघारी नखं मी पॉलिशपेपरवर घासून कमी करत होतो. तू माझी टाच मांडीवर घेतलीस. मी म्हणालो, "अगं, पाय घाण आहेत." तू म्हणालीस, "माहितेय. गप्प बसा."

तू सावकाश कापत होतीस. कोपऱ्यातलं नख आत गेलेलं, ते तू आधी ओला टॉवेल ठेवून मऊ केलंस. जहाज हलत होतं, तू दर वेळी थांबायचीस, हललं की थांबायचीस, मग कापायचीस. माझ्या आयुष्यात एवढं नाजूक काम माझ्यावर कुणी केलेलं नाही. आणि खाली बघतच तू म्हणालीस, "आई घरात गेली ते बरं झालं की वाईट, मला अजून कळत नाही अण्णा."

तेव्हा मी तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगतो, उघडलं होतं.

तुझ्या आईला घरी मी आणलं नाही शैला. ती आली. त्या सकाळी तिनं मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "मला घरी न्या. माझ्या खाटेवर, माझ्या खिडकीपाशी. पुरे झालं." मी म्हणालो, शैलाला विचारू. ती म्हणाली, "तिला विचारलं तर ती मला सोडणार नाही, आणि तिला नाही म्हणायचं माझ्यात बळ नाही. आणि मी मागितलं म्हणून तिला कधी सांगू नका. आई आपल्याला टाकून जायला तयार झाली हे तिला सोसायचं नाही. तुमच्यावर रागवेल, तर रागवू दे. तुमचं कातडं जाड आहे." अशी म्हणाली. हसत म्हणाली. माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून शब्द घेतला. नऊ दिवस खिडकीपाशी पडून राहिली, रोज दोन चमचे दहीभात खाल्ला, रस्त्यावरून फुलवाली गेली की मला दर विचारायला पाठवायची. चांगले दिवस होते ते. तूही होतीस तिथं, पण तू औषधाच्या वेळा बघत होतीस आणि माझ्याकडं बघत नव्हतीस.

हे तुला त्या दुपारी सांगायचं होतं. तू टाच मांडीवर घेऊन बसली होतीस. एक वाक्य होतं. पण मला वाटलं, शब्द दिलाय. आणि खरं बोलायचं तर दुसरंही वाटलं. वाटलं, आता ही निवळलीय, कशाला उकरायचं. पाय हातात घेतलाय म्हणजे माफ केलंय. मी म्हणालो, "अंगठ्याचं राहिलं." तू अंगठ्याचं कापलंस.

तुझ्या आईवर मला राग आहे. मेलेल्या बाईवर राग धरू नये म्हणतात. मी धरलाय. तिनं माझं कातडं वापरलं आणि तुझं माझं बोलणं घेऊन गेली. आणि तुझ्यावरही आहे. तू तिचीच मुलगी निघालीस. तीही मला सांगून दुसऱ्यापासून लपवत होती, तू सगळ्यांना सोडून एकट्या माझ्यापासून लपवलंस.

परत आल्यावर तू दर आठवड्याला यायला लागलीस. मला वाटलं, जहाजाचा गुण आला. केस बारीक कापलेस, मी म्हणालो, पुरुषासारखी दिसतेस. काय बोललो मी. तू म्हणालीस, "उकडतं हो." मे महिन्यात तू दासरहळ्ळीच्या जिन्यात मध्येच बसलीस आणि उठता येईना, तेव्हा कळलं. रिक्षात घातलं, तू त्याला हॉस्पिटलचं नाव सांगितलंस, दारातल्या सिस्टरनं तुला नावानं हाक मारली. तुला तिथं सगळे ओळखत होते. बाप सोडून.

त्या रात्री तुझी फाइल मी मांडीवर घेऊन बसलो होतो. इंग्रजी मला येत नाही, तारखा वाचता येतात. पहिल्या कागदावरची तारीख जहाजाच्या आधीची होती. अकरा दिवस आधीची. तोच आजार, तुझ्या आईचाच.

सकाळी मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

तू उशीवरून माझ्याकडं बघितलंस. रागानं नाही. समजावून सांगतात तशी म्हणालीस, "तुम्ही म्हणाला होता ना अण्णा, घरी आणेन म्हणून. मला इतक्यात घरी यायचं नव्हतं."

मी काय म्हणालो आठवतंय? "खुळी कुठली," म्हणालो. एवढंच आलं तोंडातून. तेव्हाही सांगता आलं असतं, आईनं मागितलं होतं म्हणून. शब्दाला तेव्हा काय किंमत होती? नाही सांगितलं. मला भीती वाटली, हे ऐकून तूही मागशील.

आणि तू न ऐकताच मागितलंस.

ते आय.सी.यू. मध्ये. छातीत पाणी झालं, तोंडावर मास्क बांधला, बोलता येईना. सिस्टरनं तुला पाटी दिली होती, लहान मुलांची असते तशी, पुसायची. तू लिहिलंस, मराठीत, मला वाचता यावं म्हणून मोठ्या अक्षरांत. घरी. बाहेर डॉक्टर उभा होता, चांगला माणूस, माझ्याशी कन्नडमध्ये बोलायचा. त्यानं तेच विचारलं जे चार वर्षांपूर्वी तुझ्या आईच्या वेळी दुसऱ्या डॉक्टरनं सही घेताना विचारलं होतं. घरी न्यायचं असेल तर नेऊ शकता, आता फार फरक पडणार नाही. नाहीतर घशात नळी घालावी लागेल.

मी म्हणालो, घाला.

त्यानं परत विचारलं. "मुलीला काय हवंय?"

मी म्हणालो, "मुलीला काय कळतंय? घाला. जे जे असेल ते करा. कागद आणा." सगळ्या कागदांवर सही केली. तू जागी होतीस, काचेतून मला बघत होतीस. बायकोला नऊ दिवस खिडकी दिली मी, आणि तुला पाच दिवस ती नळी. तू ती ओढशील म्हणून दोन्ही हात पट्टीनं पलंगाला बांधले होते. मी सिस्टरला म्हणालो, स्वल्प सैल करा. तिनं एका हाताची गाठ एवढीशी सैल केली. त्या हातानं तू माझं बोट धरलंस.

म्हणून हे लिहितोय. त्या पावसात तू विचारलंस, आणि मी तुला खोटं उत्तर दिलं. भांडणात जिंकायला दिलं. खरं उत्तर मला तेव्हा माहीत नव्हतं, पाच दिवस काचेबाहेर उभा राहिल्यावर कळलं. नाही, शैला. तुला नसतं आणलं. तू हात जोडले असतेस तरी नसतं आणलं. बायको मागते तेव्हा देता येतं. पोर मागते तेव्हा बाप देत नाही. हे उत्तर त्या दिवशी मिळालं असतं तर तू मला सगळं सांगितलं असतंस, मग सहा महिने तुझ्याबरोबर हॉस्पिटलात मी बसलो असतो. तुझे केस का गेले ते मला माहीत असतं.

शेवटच्या संध्याकाळी पाच मिनिटं आत सोडलं. नळीमुळं पाटीवर लिहायचंही बळ नव्हतं. तू माझ्या तळव्यावर बोटानं लिहिलंस. घ. दुसरं अक्षर झालं नाही, पण मला कळलं.

मी म्हणालो, "उद्या. उद्या नक्की नेतो."

तू डोळे मिटलेस. मी बाहेर आलो आणि डॉक्टरला सांगितलं, काही बंद करू नका.